सोनबाजी आणि पाइपाचं पोट

सोनबाजी मेश्रामांनी जोडलेला पाइप फुटला असं सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला असता तर तो आधी सोनबाजींना भेटला असता, आणि मग मला भेटायच्या अवस्थेत उरला नसता.

शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांना खेटून आमचं पाइपांचं वर्कशॉप होतं. वीजघरांना आणि कारखान्यांना लागणारे वाफेचे पाइप जोडायचे, ट्रकवर चढवायचे आणि पाठवायचे, हा धंदा. वर पत्रा, खाली माती, मध्ये आम्ही. मे महिन्यात त्या पत्र्याखाली असं तापायचं की दोन पाइप जवळजवळ ठेवून डबा खायला गेलं तर परत येईतो ते आपोआप चिकटलेले असायचे. सोनबाजी ते तोडायला लावत, कारण सूर्याकडे वेल्डिंगचं सर्टिफिकेट नव्हतं. मी तिथे स्टोअरकीपर होतो. रॉड द्यायचे, हातमोजे द्यायचे, आणि हरवलेल्या हातमोज्यांबद्दल दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. सोनबाजी हेड वेल्डर. शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मिस्तरी म्हणत.

मिस्तरींच्या मिशीची डावी बाजू ठिणग्यांनी खाल्लेली होती आणि उजवी मात्र ठाणेदारासारखी. समोरून पाहिलं तर दोन वेगळ्या माणसांचे अर्धे अर्धे चेहरे कोणीतरी मधोमध वेल्ड केलेत असं वाटे. तो जोडही त्यांनी स्वतःच केला असावा, कारण रेघ कुठे दिसत नसे. नवीन माणूस समोर आला की ते डोळ्यांवर काळी काच धरून त्याला न्याहाळत. त्या काचेतून सूर्य सोडून दुसरं काही दिसत नाही, हे साऱ्या वर्कशॉपला ठाऊक होतं, पण त्या नवीन माणसाला ठाऊक नसे. तो बिचारा नजर झुकवून उभा राही आणि मिस्तरी काच खाली घेऊन म्हणत, "ठीक हाये. आतून बरा हाये."

आतून, हा त्यांचा जन्माचा शब्द. "भायेरून जोड त सगळेच सुंदर करते गा. पाइपाचं पोट पाहा लागते." वाफ आतून जाते, जोराने जाते, आणि बाहेरून केलेल्या नक्षीला ती विचारत नाही, हे ते नवीन पोरांना सांगत. पाइप जोडायच्या तीन रीती आमच्याकडे चालत. बारीक पाइपाला गॅसची ज्योत, जाड पाइपाला विजेचा रॉड. आणि फार दाबाची वाफ न्यायची असेल तर सगळ्यात आतला थर आर्गन गॅसच्या आडोशाने बारीक तारेचा आणि त्यावर रॉडचे थर. इंजिनिअर लोकांकडे या तिन्हींची लांबलचक नावं होती. मिस्तरींकडे नाती होती.

"गॅस म्हंजे मावशी," ते सांगत. "गोंजारून गोंजारून गरम करते. रॉड म्हंजे बाप. कडाडते, ठिनग्या उडवते, पन घर त्याच्याच भरोशावर उभं राह्यते. अन आर्गन म्हंजे जावई. त्याले हवा लागाले नाई पायजे, धूळ चालत नाई, तेलाचा डाग दिसला का रुसते, अन त्याच्यासाठी येगळी टाकी मांगवा लागते." एवढा धडा एकदा ऐकला की पोरांना पुन्हा समजवावा लागत नसे. घरोघरी तिन्ही नग होतेच.

आता एवढा तत्त्वज्ञ माणूस पाइपांवर थांबेल कसा? दोन पाइप टोकाला टोक घट्ट भिडवून जोडले तर जोड वरवर बसतो, आत उतरत नाही. मध्ये तारेएवढी फट ठेवावी लागते, मग धातू आतपर्यंत जातो. हा वेल्डिंगचा पहिला नियम मिस्तरींनी संसाराला लावला होता. आमच्या एका फिटरच्या नव्या नवरीचं सासूशी रोज वाजायचं. फिटर सकाळी कामाला येताना कपाळाला पाट्यावरवंट्याच्या खुणा घेऊन येई. हल्ला सासूचा की बायकोचा, हे तोही सांगू शकत नव्हता. मिस्तरींनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "तुम्ही फट नाई ठेवली." त्यांनी त्याला वाडीलाच एक खोली भाड्याने पाहून दिली. महिन्याभरात सासू सुनेसाठी लोणचं घेऊन बसने येऊ लागली. मग काय, ज्याच्या घरी भांडं वाजलं तो मिस्तरींकडे. बघता बघता अर्धं वर्कशॉप वाडीत भाड्याने राहायला आलं, खोल्यांची भाडी वाढली, आणि सगळे वेळेवर कामाला येऊ लागले म्हणून शेठने स्वतःच्या शिस्तीवर दिवाळीला भाषण केलं.

साहेब लोकांशी मिस्तरींचं वागणं अदबीचं असे. त्यामुळेच ते फार झोंबे. एकदा एक बडे अधिकारी कामाची पाहणी करायला आले. बरोबर फोटोग्राफर. साहेबांच्या मनात आलं की हातात रॉड घेऊन एक फोटो हवा. मिस्तरींनी त्यांना चामडी कोट घातला, हातमोजे घातले, काच दिली, रॉड चिमट्यात पकडून दिला. साहेबांनी रॉड पाइपाला टेकवला आणि टेकवूनच ठेवला. असा टेकवून ठेवला की तो चिकटतो, हे बालवाडीतल्या वेल्डरलाही कळतं. साहेब ओढू लागले. रॉड लाल झाला, मशीन घुमू लागलं, साहेबांच्या मागचे चार छोटे साहेब त्यांना कमरेला धरून ओढू लागले, आणि फोटोग्राफरने इमानेइतबारे सगळं टिपलं. मिस्तरी शांतपणे जवळ गेले.

"चिमटा सोडा, सायेब," ते म्हणाले. "खुर्ची नोहे थे."

तो फोटो कुठेही छापून आला नाही. पण आमच्या चहावाल्याच्या टपरीत तो बरीच वर्षं लागलेला होता.

आणि जरीपटक्याचा किस्सा. तिथल्या एका गल्लीत ऐन लग्नाच्या घरासमोर पाण्याचा पाइप फुटला. आतून पाणी झिरपत असलं की वेल्डिंग धरत नाही. पाणी काही पुरतं बंद होईना. वऱ्हाड जेवायला बसायचं आणि स्वयंपाकाला पाणी नाही. मिस्तरी त्या लग्नात पाहुणे म्हणून गेलेले. त्यांनी आचाऱ्यापुढची परातभर मळलेली कणीक उचलली, पाइपाच्या दोन्ही तोंडांत कोंबली, पाणी अडलं, आणि गरम गरम जोड मारून मोकळे झाले. पाण्याचा जोर आला की कणीक विरघळून जाते, हा त्यातला हिशोब. ती विरघळलीही. फक्त गल्लीच्या नळाला दोन दिवस दुधासारखं पाणी आलं. एका बाईने त्याची कढी केली आणि ती मिस्तरींच्या नावाने त्या गल्लीत अजून होते, असं ते स्वतः सांगत. मी चाखलेली नाही.

अशा माणसाच्या घरातली खिडकी पण साधी कशी असेल? शहरातल्या इंदोरा वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. खिडक्यांना काचांच्या जागी एक्स-रेच्या फिल्म लावलेल्या. माणसांच्या नव्हे, जोडांच्या. मोठ्या दाबाच्या पाइपांचा प्रत्येक जोड किरणांनी तपासला जाई. जोडात आत कुठे पोकळी, रॉडची जळकी मळी किंवा भेग राहिली की फिल्मवर काळा डाग उमटे, आणि तेवढा भाग कापून पुन्हा करावा लागे. मिस्तरींचा जोड कधी कापला गेला नव्हता. त्या निष्कलंक जोडांच्या जादा फिल्म मागून आणून त्यांनी खिडक्यांत चिकटवल्या होत्या, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खिडकीशी नेत. पाहुण्याला राखाडी पट्ट्यापलीकडे काही दिसत नसे. "काहीच नाई दिसत ना?" मिस्तरी खूश होऊन विचारत. "तेच त पाहाचं हाये."

या फिल्म आणून देणारा पोरगा म्हणजे प्रभाकर. कुहीचा. घरची धानाची शेती, शिकलेला, शहरातल्या एका तपासणी कंपनीत नोकरीला. तो शिशाचा जड डबा घेऊन वर्कशॉपला आला की दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना बाहेर काढून दोरी बांधली जाई. आत तो एकटाच. आमचे वीर दोरीपासून पार टपरीपर्यंत पळत, आणि एकजण तर पोटासमोर पत्रा धरून चहा पीत असे. किरणांनी पुरुषाचं काय काय जातं, याची यादी वर्कशॉपमध्ये रोज वाढत होती. ती यादी कुहीपर्यंत पोचली, कुहीहून पाहुण्यारावळ्यांत गेली, आणि त्यामुळे सगळं असूनही प्रभाकरचं लग्न जमेना. पोरीकडचे लोक येत, पोहे खात, त्याचं काम काय ते विचारत, आणि पोहे अर्धे टाकून उठत.

मिस्तरींच्या रत्नाने मात्र त्याला काम काय ते विचारलं आणि मग फिल्म वाचायला शिकवायला सांगितलं. रत्ना म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, प्राथमिक शाळेत मास्तरीण. बापासारखीच भुवई वर करून बोलणारी. फिल्म द्यायला आलेला प्रभाकर खिडकीशी उभा राहून तिला डाग आणि सावली यातला फरक दाखवी. जोड निष्कलंक असल्यामुळे दाखवायला डाग काहीच नव्हते, तरी धडा बराच वेळ चाले. शेवटी एक दिवस रत्नाने आईला सांगून टाकलं की करीन तर याच्याशीच.

चंद्रभागाबाई हादरल्या. "त्याच्या आंगात किरनं हायेत वं. लेकरं अंधारात चमकतीन."

"चमकू दे," मिस्तरी म्हणाले. "घासलेट वाचन."

पण मनातून ते इतक्या सहज मानणारे नव्हते. छप्पन साली ते बापाबरोबर दीक्षेला गेले होते. त्या दिवसापासून घरात पत्रिका नाही, गुण जुळवणं नाही, मुहूर्त नाही. हे ते छाती काढून सांगत. पण तपासल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही खोड काही त्यांना सोडता आलेली नव्हती. एक दिवस ते स्टोअरच्या खिडकीत कोपर टेकून मला हळूच म्हणाले, "स्टोअरबाबू, पोट्टा भायेरून बरा हाये. आता पोट पाहा लागते."

त्यांनी जे योजलं होतं ते फक्त मला सांगितलं, कारण कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना घास गेला नसता. नुसत्या रॉडने जोडायच्या एका मोठ्या लायनीतला शेवटचा जोड त्यांच्या हातचा होता. त्यात ते मुद्दाम खोट ठेवणार होते. आमच्याकडे गोल जोडाच्या जागा घड्याळावर सांगत. वरचा माथा म्हणजे बारा, अगदी खालचा तळ म्हणजे सहा. मिस्तरी दोनच्या ठिकाणी आतल्या थरावरची मळी न खरवडता तशीच दाबणार होते. मग प्रभाकरला सांगायचं की हा जोड पास झाला तरच सोयरिकीचं बोलू. पोरीसाठी पोरगा खोटं बोलतो का, ते दिसेल.

"अन त्यानं खोटंच पास केला त?" मी विचारलं. वाफेच्या पाइपातली खोट म्हणजे चेष्टा नव्हे.

"त मी सोता कापीन. जोड बी, अन सोयरिक बी."

तो पाइप सांगाड्यात बसलेला, फिरवता येत नव्हता. त्यामुळे मिस्तरी बाराला उभे राहून, तीनला वाकून आणि सहाला पुठ्ठ्यावर उताणे पडून जोड करत होते. सहाची जागा सगळ्यात अवघड. वितळलेला धातू अंगावर यायला बघतो. तिथला त्यांचा हात पाहायला दुसऱ्या वर्कशॉपचे वेल्डर सायकली मारत येत. त्या दिवशी ते दोनच्या ठिकाणी पोचले तेव्हा मी पाहत होतो. आयुष्यभर स्वच्छ काम केलेल्या माणसाला घाण काम करताना जेवढा त्रास होतो तेवढा मी दुसऱ्या कुणाला होताना पाहिलेला नाही. ते घामाघूम झाले, दोनदा उठून पाणी प्यायले, हातोडी सवयीने मळी काढायला जाई आणि ते तिला परत खेचत. पुढचा सगळा जोड पुरा होईपर्यंत त्यांचे डोळे त्या दोनकडेच लागलेले होते.

मग प्रभाकरला बोलावून त्यांनी अट सांगितली. पोरगा पांढरा पडला. बाकी सगळे मात्र बोलले. फिटर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की मिस्तरीचा जोड, पाहाचं काय त्यात. शेठने त्याला बाजूला घेऊन बाहेर उभा असलेला ट्रक दाखवला आणि शुभकार्यात उशीर बरा नव्हे म्हणून समजावलं. चहावाल्याने तर लग्नाला दूध किती लागेल ते विचारून टाकलं. दुपारी दोरी बांधली गेली. आम्ही सगळे टपरीवर जाऊन बसलो. मिस्तरी एकटेच दोरीला पोट टेकवून उभे होते.

फिल्म धुऊन प्रभाकर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्याकडे पाहूनच कळत होतं की त्याची झोप झालेली नाही. सगळे गोळा झाले. त्याने फिल्म हातात धरली होती आणि तो फिल्मकडे न पाहता मिस्तरींकडे पाहत होता.

"मिस्तरी, जोड पास नाई होत. कापा लागन. दोन जागी."

मिस्तरींच्या चेहऱ्यावर अर्ध्या मिशीतून हसू सुटायला लागलं होतं. ते मध्येच अडकलं.

"दोन?" ते म्हणाले. "दोन कुठून आले? एकच असाले पायजे."

वर्कशॉपमध्ये एवढी शांतता मी फक्त लाइट गेल्यावर ऐकली होती. मग फिटरच्या डोक्यात उजेड पडला आणि तो हसायला लागला. त्याच्यामागून सगळे. शेठनेही आधी हसून घेतलं आणि ट्रक आठवल्यावर कपाळाला हात लावला. प्रभाकरला हळूहळू कळत गेलं की त्याला कशात बसवलं होतं. पण तो हसला नाही. त्याने फिल्मवर बोट ठेवलं. एक काळा डाग दोनच्या जागी. आणि एक बारीक, लांबट, काळी रेघ सहाच्या जागी, अगदी आतल्या थराला.

"सहाले?" मिस्तरी म्हणाले. "माह्या सहाले? पोट्ट्या, तुह्या नखाचा वरखडा असन तो."

"दुसरा फोटो काढतो," प्रभाकर म्हणाला.

"काही गरज नाई." मिस्तरींनी फिल्म हिसकावली, काखेत मारली, सायकलवर टांग टाकली, आणि भर कामाच्या वेळेला घराकडे निघाले. मला शेठने मागे पाठवलं, ते फिल्म चुलीत घालतील म्हणून.

मी इंदोऱ्याला पोचलो तेव्हा ते खिडकीशी उभे होते आणि रत्ना शाळेतून नुकतीच आलेली. तिला सगळी हकीकत सांगून झालेली होती. पोरगा परीक्षेत पास झाला हे सांगताना त्यांचा आवाज मोठा होता, पण सहाच्या जागेवर तो खोटं बोलतो आहे हे सांगताना त्याहून मोठा. खोटं बोलणाऱ्याला पोरगी द्यायची नाही, हेही त्यातच आलं. चंद्रभागाबाई दाराशी सूप धरून उभ्या होत्या. तांदूळ निवडायचे थांबलेले.

मिस्तरींनी फिल्म लेकीच्या हातात दिली. "तूच पाह्य. वरखडा हाये का नाई, सांग."

आता तिने वरखडा म्हटलं असतं तर बापाचं नाव राहिलं असतं आणि प्रभाकर खोटा ठरला असता. तिने फिल्म उजेडात धरली. सरळ धरून पाहिली, तिरपी धरून पाहिली, उलटी करून पाहिली, बोटाने वरून चाचपली. बापाने तिला भात शिजला की नाही हे पाहायला शिकवलं नसेल, पण घाई न करता पाहायला शिकवलं होतं. आणि बाप तिच्याकडे असा पाहत होता, जसं कुठल्याही साहेबाकडे पाहताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "वरखडा नाई. सहाले आत उतरलाच नाई जोड."

मिस्तरींनी फिल्म परत घेऊन स्वतः उजेडात धरली. मग खाली बसले. चंद्रभागाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि सूप पुन्हा हलायला लागलं.

"दोनकडेच ध्यान होतं माहं," ते शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. तांब्याला असावं. "लबाडी करा लागली त हात दुसरीकडं ढिला पडला."

"मंग सांगा त्याले तसं," रत्ना म्हणाली.

"सांगतो ना. काहून नाई सांगनार."

पुढे ते लग्न झालं. विहारात, पांढऱ्या कपड्यांत. सारं वर्कशॉप आलं होतं, आणि पोटासमोर पत्रा धरून चहा पिणाराही नवरदेवाच्या मांडीला मांडी लावून जेवला. मी नंतर लवकरच ती नोकरी सोडली आणि मिस्तरींची गाठ पुन्हा फारशी पडली नाही. पण सोनबाजी म्हटलं की मला त्यांचा तो दोन तुकड्यांचा चेहराही आठवत नाही. पाय आठवतात.

फिल्म घरी नेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी मी स्टोअर उघडलं तेव्हा त्या पाइपाखालून ग्राइंडरचा आवाज येत होता. मिस्तरी आपला जोड आपण कापत होते. पहिल्यांदाच. वर्कशॉप बघायला जमलं होतं, पण जवळ जायची छाती कुणाची नव्हती. पाइपाखालून पायांचे दोन जोड बाहेर आलेले होते. एक मिस्तरींचे, ठिणग्यांनी भोकं पडलेल्या बुटांत. दुसरे प्रभाकरचे, पॉलिश केलेल्या बुटांत. तो बहुधा बोलणी करायला म्हणून घरून तयार होऊन निघाला होता आणि त्याला कॉलर धरून खाली ओढलं गेलं असावं. त्याच्या हातात बॅटरी दिलेली होती. कापत कापत खोट संपली की नाही हे पाहायचं काम त्याचं. मिस्तरींच्या जोडात डोकावून पाहायची परवानगी त्याआधी कुणाला मिळालेली नव्हती.

ग्राइंडर थांबला. "गेली?"

"अजून हाये."

पुन्हा ग्राइंडर. ठिणग्या, दोघांच्या बुटांवर सारख्याच. पुन्हा थांबला. "आता?"

"नाई गेली. अजून काळं दिसते."

"कुठी दिसते तुले काळं?"

"तुमच्या आंगठ्याखाली, मामाजी."

सासऱ्याला म्हणायचा शब्द पोराच्या तोंडून आधीच निसटला होता. भोकं पडलेल्या बुटांची टोकं एकमेकांवर घासली गेली.

"फोटो पास होइस्तोर मिस्तरीच म्हन," खालून आवाज आला. "अन बॅटरी नीट धर." मग ग्राइंडर पुन्हा सुरू झाला, अंगठ्याखाली.